तुमच्या घरात कोणता बँड पोहोचतो? नागपूरकरांचे नेटवर्कबद्दलचे प्रश्न

‘कोणत्या कंपनीचं नेटवर्क चांगलं?’ असं नागपुरात कुणालाही विचारा, उत्तर मोहल्ल्यागणिक बदलेल. धरमपेठेत सुसाट चालणारं सिम बेसा-पिपळ्याच्या नव्या लेआउटमध्ये धापा टाकतं, आणि महालातल्या जुन्या वाड्यात एकदम मुकं होतं. सिम तेच, फोन तोच आणि रिचार्जही तोच असतो. बदलतो तो त्या जागी तुमच्या फोनपर्यंत पोहोचणारा बँड. लोक वर्षानुवर्षं कंपन्या बदलत राहतात, पण ही एक गोष्ट तपासत नाहीत, म्हणून वारंवार येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

बँड म्हणजे नेमकं काय?

टॉवर आणि फोन रेडिओ लहरींनी बोलतात. या लहरींच्या फ्रिक्वेन्सीचे पट्टे सरकार लिलावात कंपन्यांना वीस वर्षांसाठी वापरायला देतं. या सगळ्या पट्ट्यांना मिळून स्पेक्ट्रम म्हणायचं आणि एकेका पट्ट्याला बँड. भारतात मोबाइलसाठी ७००, ८००, ९००, १८००, २१००, २३००, २५०० आणि ३३०० मेगाहर्ट्झ हे बँड आहेत, शिवाय ५जीसाठी २६ गिगाहर्ट्झचा एक फार वरचा बँड आहे.

लिलाव शहरावर होत नाही, सर्कलवर, म्हणजे मोबाइल सेवेसाठी आखलेल्या मोठ्या विभागावर होतो. नागपूर महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये येतं आणि मुंबईचं सर्कल वेगळं आहे. त्यामुळे ‘माझ्या मुंबईच्या मावसभावाकडे हेच सिम मस्त चालतं’ या वाक्याला नागपुरात काही अर्थ उरत नाही. तिथे त्याच कंपनीच्या हातात वेगळा स्पेक्ट्रम असू शकतो.

७०० चांगला की ३३००? आकडा मोठा म्हणजे वेग जास्त ना?

दोघांची कामं वेगळी आहेत. मारबतीच्या मिरवणुकीतला ढोल दोन गल्ल्या सोडून, दारं लावलेल्या घरातही ऐकू येतो, झांज मात्र समोर उभं राहिल्यावरच नीट कानावर पडते. कमी फ्रिक्वेन्सीचा बँड ढोलासारखा लांब जातो आणि भिंतीतून आत शिरतो.

७०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण ४३ सेंटीमीटर असते. ९०० ची ३३, १८०० ची १७ आणि ३३०० च्या बँडमधल्या ३५०० च्या आसपास जेमतेम साडेआठ सेंटीमीटर. फ्रिक्वेन्सी दुप्पट झाली की तेवढ्याच अंतरावर फोनच्या अँटेनाला मिळणारा सिग्नल ६ डेसिबलने, म्हणजे चौपटीने घटतो. ७०० आणि ३५०० यांच्यात हा फरक १४ डेसिबलचा, म्हणजे सुमारे पंचवीसपट होतो, आणि हा हिशोब मोकळ्या मैदानाचा आहे. भिंती, झाडं, स्लॅब मध्ये आले की दरी आणखी वाढते. ही तूट थोडी भरून काढायला ३३०० च्या टॉवरवर ३२ किंवा ६४ ट्रान्समीटरचे मोठे चौकोनी अँटेना लावतात. ते सिग्नल चहूकडे न सांडता थेट तुमच्या दिशेने रोखतात.

मग वरचा बँड हवाच कशाला? वेग बँडच्या रुंदीवर ठरतो आणि खालच्या बँडमध्ये जागाच कमी आहे. जिओकडे ७०० मध्ये १० मेगाहर्ट्झ आहेत. ३३०० मध्ये जिओ आणि एअरटेलकडे प्रत्येकी १०० मेगाहर्ट्झची रुंदी आहे. एवढ्या रुंदीत एकाच वेळी शेकडो लोक व्हिडिओ पाहू शकतात. थोडक्यात, खालचा बँड नेटवर्क घरात आणतो, वरचा बँड त्याला वेग देतो, आणि १८००, २१००, २३०० हे मधले बँड रोजचं बहुतेक ओझं उचलतात.

कोणत्या कंपनीकडे कोणता बँड आहे?

जिओ ४जीसाठी ८००, १८०० आणि २३०० वापरतं, तर ५जीसाठी ७००, ३३०० आणि २६ गिगाहर्ट्झ. जिओकडे २जी-३जी कधीच नव्हतं, त्यामुळे त्यांचा कॉलसुद्धा डेटावरूनच जातो. एअरटेलची मदार मुख्यतः ९००, १८००, २१००, २३०० आणि ५जीसाठी ३३०० वर आहे. व्हीआय ९००, १८००, २१००, २५०० आणि ५जीसाठी ३३०० वर चालतं. बीएसएनएलचं नवं ४जी ७०० आणि २१०० वर आहे.

हे देशपातळीवरचं ढोबळ चित्र झालं. कंपनीकडे बँड असणं आणि तुमच्या कॉलनीतल्या टॉवरवर तो लावलेला असणं, यात मोठं अंतर असतं. जाहिरातीत पहिली गोष्ट सांगतात, तुमच्या उपयोगाची मात्र दुसरी असते.

बर्डीवर चार दांड्या असतात, तरी यूपीआय नुसतं फिरत राहतं. असं का?

कारण दांड्या सिग्नलची ताकद दाखवतात, गर्दी दाखवत नाहीत. संध्याकाळी सीताबर्डीच्या मेन रोडवर टॉवर शंभर-दोनशे पावलांवर असतो आणि त्याचा आवाज तुमच्या फोनला खणखणीत ऐकू येतो. पण त्याच टॉवरच्या त्याच बँडवर त्याच क्षणी दुकानदारांचे क्यूआर, खरेदीला आलेले लोक, रिक्षावाले आणि डिलिव्हरीची मुलं, सगळे एकदम बोलत असतात. प्रत्येकाच्या वाट्याला जो तुकडा येतो त्यात व्हॉट्सअ‍ॅपचा मजकूर कसाबसा जातो आणि पैशांचा व्यवहार अर्ध्यात लटकतो.

दीक्षाभूमीवर विजयादशमीला हेच फार मोठ्या प्रमाणावर घडतं. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला देशभरातून लाखो लोक येतात. एरवी त्या परिसरात जेवढे लोक असतात त्यांच्या हिशोबाने टॉवर बसवलेले, आणि अचानक त्यांच्या कित्येक पट फोन तिथे येतात. अशा वेळी कंपन्या गाडीवर बसवलेले फिरते टॉवर आणतात आणि २३०० किंवा ३३०० सारखे रुंद बँड तिथे चालू ठेवतात. गर्दीत लांब जाणारा बँड उलट त्रासदायक ठरतो. त्याचा घेर मोठा असल्याने तो दूरदूरचे फोनही आपल्याकडे ओढतो आणि आणखी भरतो. जामठ्याला क्रिकेटचा सामना असतो तेव्हाही नेमका हाच प्रश्न येतो.

गर्दीत जाताना दोन गोष्टी उपयोगी पडतात. फोन थोड्या वेळासाठी फक्त ४जीवर टाकून पाहा. अनेकदा सगळ्यांचे फोन एकाच ५जी बँडवर दाटलेले असतात आणि ४जीचा एखादा बँड तुलनेने मोकळा असतो. आणि ठरलेल्या जागी भेटायचं असेल तर व्हॉट्सअ‍ॅप कॉलच्या नादी न लागता साधा एसएमएस करा. त्याला जागा फारच थोडी लागते.

दीक्षाभूमीवर गावाकडून आलेली म्हातारी माणसं गर्दीत चुकतात आणि घरच्यांचा फोन लागत नाही. त्यांच्या खिशात घरचे दोन नंबर कागदावर लिहून ठेवा, हे मी मनापासून सांगतो. नेटवर्क कितीही सुधारलं तरी त्या दिवशी त्याचा भरवसा नको.

उन्हाळा लागला की आमच्या खोलीतली रेंज जाते. हा भास आहे का?

भास नाही. खिडकीत बसवलेला कूलर पाहा. टिनाच्या पत्र्याची पेटी, आत पाण्याची टाकी आणि तिन्ही बाजूंना ओल्या खसच्या जाळ्या. पत्रा रेडिओ लहरी परतवून लावतो आणि पाणी त्या शोषतं. भिंती काँक्रीटच्या, वर स्लॅब, म्हणजे खोलीत सिग्नल येण्याची मुख्य वाट खिडकीच असते आणि एप्रिल ते जून आपण नेमकी तीच बुजवतो. वरच्या बँडला याचा फटका सगळ्यात जास्त. हिवाळ्यात त्याच पलंगावर ५जी दाखवणारा फोन मे महिन्यात ४जीच्या एका दांडीवर येतो. त्यातून रात्री उरलेली खिडकी आणि दार बंद केलं की उरलासुरला मार्गही गेला.

कूलर काढा असं नागपूरकराला कुणी सांगू नये. टॉवर कोणत्या दिशेला आहे ते पाहून, जमल्यास कूलर दुसऱ्या खिडकीत बसवा. नाहीतर घरात ब्रॉडबँड असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये वाय-फाय कॉलिंग सुरू करा. मग कॉल टॉवरकडे न जाता वाय-फायवरून जातो, त्याचे वेगळे पैसे लागत नाहीत आणि समोरच्याला काही करावं लागत नाही.

उन्हाची आणखी एक बाजू आहे. पारा ४५ च्या वर गेला आणि फोन गाडीच्या डॅशबोर्डवर तापला की बरेच फोन स्वतःला थंड ठेवण्यासाठी ५जी बंद करून ४जीवर उतरतात. त्यात टॉवरचा दोष नसतो.

आणि पावसाळ्यात?

२६ गिगाहर्ट्झ सोडला तर पावसाच्या थेंबांचा मोबाइल बँडवर फारसा परिणाम होत नाही. पावसाळ्यात नेटवर्क जातं ते वीज जाऊन टॉवरची बॅटरी संपल्यामुळे, किंवा रस्त्याच्या खोदकामात टॉवरला जोडणारी फायबर केबल तुटल्यामुळे. आपल्याकडे सिमेंट रोडची कामं ज्या वेगाने चालतात ते पाहता दुसरं कारण जरा जास्तच घडतं.

टॉवर समोरच्या गच्चीवर आहे, तरी आमच्या घरात रेंज नाही. असं कसं?

आधी तो टॉवर तुमच्या कंपनीचा आहे का ते पाहा. एकाच सांगाड्यावर अनेकदा दोन-तीन कंपन्यांचे अँटेना असतात, पण प्रत्येक सांगाड्यावर प्रत्येक कंपनी नसते.

असला, तरी टॉवर बल्बसारखा सगळीकडे सारखा पसरत नाही. त्यावर साधारण तीन बाजूंना तोंड करून अँटेना लावलेले असतात आणि प्रत्येकाचा झोत पुढे, किंचित खाली झुकवलेला असतो. तुम्ही बरोबर त्याच्या पायाशी असाल तर मुख्य झोत तुमच्या डोक्यावरून निघून जातो. इतवारीच्या चिंचोळ्या गल्ल्यांत तर तळमजल्याच्या दुकानापर्यंत सिग्नल भिंतींवर आपटत, परावर्तित होतच पोहोचतो.

मनीषनगरला बाराव्या मजल्यावर राहतो. फुल रेंज आणि नेट रडकं. वर तर सिग्नल चांगला हवा ना?

उंचीवर तुमच्या फोनला एक टॉवर दिसत नाही, दहा दिसतात. सगळे एकाच बँडवर बोलत असल्याने एकमेकांच्या बोलण्यात गोंगाट करतात. सिग्नलची ताकद भरपूर आणि स्पष्टता कमी, अशी ती स्थिती असते. शिवाय अँटेना खाली झुकवलेले असतात, बाराव्या मजल्याकडे वळवलेले नसतात. अशा घरांत खोली बदलून पाहा. इमारतीची एक बाजू आडोसा देते, तिथे फोनला एकच टॉवर मिळतो आणि वेग चटकन सुधारतो. गॅलरीत जाऊन बोलायची आपली सवय अशा इमारतींत उलट काम करू शकते.

मला समोरच्याचं सगळं ऐकू येतं, माझा आवाज मात्र तिकडे तुटतो. दोष कुणाचा?

टॉवर दहा-वीस वॅट किंवा त्याहून जास्त ताकदीने बोलतो. तुमचा फोन साधारण ०.२ वॅटने. म्हणून सीमारेषेवर, म्हणजे जिथे सिग्नल जेमतेम आहे तिथे, टॉवरचं फोनला ऐकू येतं आणि फोनचं टॉवरला ऐकू जात नाही. २३०० आणि ३३०० मध्ये अडचण आणखी वाढते, कारण तिथे येण्याजाण्याची वाट एकच आहे. आधी टॉवर बोलतो, मग फोनला छोटा वेळ मिळतो. ८००, ९०० किंवा १८०० मध्ये फोनला बोलायला स्वतःची वेगळी वाट असते. ऑनलाइन परीक्षा देणाऱ्या, कॅमेरा चालू ठेवावा लागणाऱ्या मुलांना हा त्रास फार होतो. डाउनलोडचा आकडा पाहून पालक समाधानी असतात आणि मुलाचा व्हिडिओ मात्र गोठतो. स्पीड टेस्टमध्ये अपलोडचा आकडाही पाहा. व्हिडिओ क्लासला तोच लागतो.

५जी नागपुरात कधी आलं आणि ते सगळीकडे सारखं का नाही?

१ ऑक्टोबर २०२२ ला दिल्लीत ५जी सेवेचं उद्घाटन झालं आणि त्याच महिन्यात एअरटेलने ज्या पहिल्या आठ शहरांत ५जी सुरू केलं त्यांत नागपूर होतं. ज्या लिलावातून हे शक्य झालं तो २६ जुलै ते १ ऑगस्ट २०२२ असा सात दिवस चालला आणि त्यात सुमारे दीड लाख कोटी रुपयांची बोली लागली. ७०० मेगाहर्ट्झ २०१६ आणि २०२१ या दोन्ही लिलावांत कुणी घेतला नव्हता, इतका तो महाग ठेवला होता. २०२२ मध्ये तो जिओने देशभरासाठी घेतला.

फरकाचं मूळ इथेच आहे. जिओने ५जी सुरुवातीपासून स्वतंत्र उभं केलं आणि ७०० चा आधार घेतला. एअरटेलने सुरुवात ४जीच्या खांद्यावर बसवलेल्या ५जीने केली. फोन आधी ४जीच्या बँडला धरतो आणि त्याच्या जोडीने ३३०० वर डेटा घेतो. व्हीआयचं ५जी बरंच उशिरा, मार्च २०२५ मध्ये मुंबईपासून सुरू झालं.

म्हणून ‘५जी’ हे दोन अक्षरांचं चिन्ह फसवं आहे. ७०० वरचं ५जी आणि ३३०० वरचं ५जी यांच्या वेगात जमीन-अस्मानाचा फरक असतो आणि फोन दोन्हीला एकच चिन्ह दाखवतो. कंपन्यांनी ग्राहकाला हे स्पष्ट सांगायला हवं, असं माझं ठाम मत आहे. पैसे वेगासाठी घेतले जातात, तर तो कोणत्या बँडवर मिळणार हे गुपित का असावं?

सोनेगाव-शिवणगावकडे ५जी का गायब होतं?

विमानतळामुळे असू शकतं. विमानाला जमिनीपासूनची उंची सांगणारं रेडिओ अल्टिमीटर ४२०० ते ४४०० मेगाहर्ट्झवर चालतं. ३३०० चा बँड त्यापासून फार दूर नाही, म्हणून नोव्हेंबर २०२२ मध्ये दूरसंचार विभागाने कंपन्यांना कळवलं की धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून २१०० मीटर आणि धावपट्टीच्या मध्यरेषेपासून ९१० मीटरच्या आत ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झचे ५जी टॉवर लावू नका. त्यापुढच्या पट्ट्यातही ताकदीवर मर्यादा घातली. ७०० किंवा १८०० ला या कारणाने अडथळा नाही, त्यामुळे त्या भागात ४जी आणि खालच्या बँडचं ५जी चालू शकतं. विमानतळाजवळ घर घेतलं असेल आणि वेगाची गरज असेल तर फायबर जोडणी घेणं बरं.

माझ्या घरात कोणता बँड येतो हे कसं पाहायचं?

बहुतेक अँड्रॉइड फोनवर डायल पॅडमध्ये *#*#४६३६#*#* टाकलं की फोनची माहिती उघडते. सॅमसंगमध्ये *#००११# आणि आयफोनमध्ये *३००१#१२३४५#*. नेटमॉन्स्टरसारखं अ‍ॅप घेतलंत तर आणखी सोपं. त्यात बँडचा क्रमांक दिसतो. बँड २८ म्हणजे ७००, ५ म्हणजे ८००, ८ म्हणजे ९००, ३ म्हणजे १८००, १ म्हणजे २१००, ४० म्हणजे २३००, ४१ म्हणजे २५०० आणि ७८ म्हणजे ३३००.

शेजारी उणे चिन्हासह सिग्नलची ताकद दिसते. उणे ८५ किंवा त्याहून बरी, म्हणजे शून्याच्या जवळची असेल तर उत्तम. उणे १०० पर्यंत काम नीट होतं. उणे ११० ला कॉल चालतो पण नेट कुरकुरतं आणि उणे ११५ च्या खाली फोन धडपडायला लागतो, बॅटरीही भराभर उतरते. दांड्यांवर विसंबू नका. किती ताकदीला किती दांड्या दाखवायच्या हे प्रत्येक फोन कंपनी आपल्या मनाने ठरवते.

पाहताना एकाच जागी थांबू नका. पलंग, स्वयंपाकघर, पोरांची अभ्यासाची जागा, पार्किंग, सगळीकडे फिरा. दुपारी एकदा आणि रात्री नऊ-दहाला पुन्हा, कारण रात्री सगळी कॉलनी एकदम मालिका आणि रील्स पाहते. घरात शिरल्यावर बँड ३ वरून ५ किंवा ८ झाला, तर समजायचं की तुमच्या भिंती वरच्या बँडला आत येऊ देत नाहीत आणि खालच्या बँडवरच तुमची भिस्त आहे.

फोन बदलला, सिम तेच ठेवलं, आणि रेंज कमी झाली. शक्य आहे?

अगदी शक्य आहे. प्रत्येक फोन प्रत्येक बँड पकडतो असं नाही. परदेशातून आणलेल्या किंवा जुन्या स्वस्त फोनमध्ये २८ किंवा ४० नसला तर तुमच्या कंपनीचा अर्धा टॉवर त्या फोनला दिसतच नाही. बर्डीत फोन घेताना कॅमेरा किती मेगापिक्सेल हे सगळे विचारतात. बँडची यादी बहुतेकदा कंपनीच्या वेबसाइटवरच्या तपशिलात असते, तीही एकदा वाचा. ५जीसाठी २८ आणि ७८ दोन्ही हवेत, ४जीसाठी १, ३, ५, ८, ४०, ४१, आणि बीएसएनएलच्या ४जीसाठी २८ही.

ऑनलाइन मिळणारा सिग्नल बूस्टर लावू का?

नाही. परवान्याशिवाय असा बूस्टर लावणं, विकणं, जवळ ठेवणंही बेकायदेशीर आहे. त्याहून वाईट म्हणजे तो टॉवरच्या कानाशी सतत गोंगाट करतो. तुमच्या घरी दोन दांड्या वाढतात आणि आख्ख्या गल्लीचे कॉल तुटायला लागतात. शेजारच्या आजोबांचा अ‍ॅम्ब्युलन्सला लावलेला फोन त्यामुळे लागला नाही तर? वाय-फाय कॉलिंग वापरा, किंवा कंपनीकडे लेखी तक्रार करून इमारतीत अधिकृत उपकरण मागा.

पेंचकडे किंवा समृद्धीवर निघालो की नेटवर्क का तुटतं?

दोन्हींची कारणं वेगळी आहेत. मनसर सोडून देवलापारकडे गेलं की जंगल लागतं. वस्ती विरळ, टॉवर थोडे आणि दूर, मध्ये दाट झाडी. तिथे ७००, ८०० किंवा ९०० हेच तग धरतात. खवासाजवळ हद्द ओलांडली की मध्य प्रदेशचं सर्कल सुरू होतं, फोन तिकडच्या टॉवरवर जातो आणि हद्दीवर दोन्हींमध्ये घुटमळत राहतो. अशा वेळी फोन एकदा एअरप्लेन मोडवर टाकून परत सुरू करावा.

समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे आणि नव्या जागेवरून, गावांना बाजूला ठेवत जातो. टॉवर गावांसाठी उभारलेले. त्यात ताशी १२० च्या वेगाने फोनला दर मिनिट-दोन मिनिटांनी नवा टॉवर शोधावा लागतो. नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा आणि जोडीला वेगळ्या कंपनीचं दुसरं सिम असू द्या.

टॉवरच्या किरणांनी आजार होतात का?

मोबाइलच्या लहरी क्ष-किरणांसारख्या नसतात. रेणूंचे बंध तोडण्याइतकी ऊर्जा त्यांच्यात नसते. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या किरणांची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक-दशांशावर आणली आणि फोनसाठी प्रति किलो १.६ वॅटची सीमा ठरवली. शंका असेल तर सरकारच्या तरंग संचार पोर्टलवर तुमच्या भागातले टॉवर पाहता येतात.

एक गोष्ट लक्षात घ्या. टॉवर दूर असला की तुमचा फोन पूर्ण ताकदीने बोलतो, आणि तो तुमच्या कानाला लागलेला असतो. कॉलनीतला टॉवर हटवा म्हणून मोर्चा काढणाऱ्यांनी हा हिशोबही करावा.

बीएसएनएल आता घ्यावं का?

२७ सप्टेंबर २०२५ ला बीएसएनएलच्या स्वदेशी ४जीचं उद्घाटन झालं, सुमारे ९७,५०० टॉवरांसह. ७०० चा बँड हाती असल्याने खेड्यापाड्यात त्याला वाव मोठा आहे. उमरेड, भिवापूर, पारशिवनी भागात शेती असलेल्यांनी दुसरं सिम म्हणून जरूर वापरून पाहावं. शहरात मुख्य सिम म्हणून घेण्याआधी वर सांगितल्याप्रमाणे घरात मोजून पाहा.

हे सगळं मला कळलं, पण गावी राहणाऱ्या आईला कोणतं सिम घेऊन देऊ?

तिला रील्स बघायच्या नाहीत. तिचा फोन वाजला पाहिजे, बँकेचा ओटीपी आला पाहिजे आणि नातवंडांचा चेहरा दिसला पाहिजे. तेव्हा ५जीच्या जाहिराती विसरा. गावी जाताना तीन कंपन्यांची सिमं असलेले फोन गोळा करा, एखादं शेजाऱ्याचं, एखादं भाच्याचं, आणि ती जिथे दुपारी पडते त्या खोलीत मोजा. ७०० ते ९०० मधला बँड ज्याचा घट्ट, उणे १०० च्या आसपास, ते सिम घ्या. घरावर टिनाचं छत असेल तर हे अधिकच महत्त्वाचं. फोन व्होल्टे, म्हणजे ४जीच्या डेटावरून जाणारा कॉल घेतो का हेही तपासा, नाहीतर रेंज दिसेल आणि जिओसारख्या नेटवर्कवर कॉल लागणार नाही.

नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची असेल तर ‘पोर्ट’ हा शब्द इंग्रजीत लिहून, जागा सोडून दहा आकडी नंबर टाका आणि १९०० वर एसएमएस करा. सध्याच्या कंपनीकडे ९० दिवस पूर्ण झालेले हवेत. आलेला कोड चार दिवस चालतो. बँक आणि आधारचे ओटीपी लागणारी कामं पोर्टिंगच्या मधल्या काळात ठेवू नका.

रेंजची तक्रार कुठे करायची?

आधी कंपनीच्या ग्राहक सेवेकडे, आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. ‘नेट चालत नाही’ एवढंच सांगितलं तर फोन बंद करून चालू करायला सांगतात. पत्ता, वेळ, बँडचा क्रमांक आणि मोजलेली ताकद सांगा. ‘रात्री नऊला बेडरूममध्ये बँड ४०, उणे ११८’ अशी तक्रार थेट तांत्रिक विभागापर्यंत जाण्याची शक्यता जास्त. समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे तीस दिवसांत अपील करता येतं, त्याला फी नाही. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक, एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. त्यापुढे दूरसंचार विभागाकडे सीपीग्राम्स या केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर जावं लागतं.

ट्रायच्या २०२४ च्या नियमांनुसार कंपन्यांना कव्हरेजचे नकाशे आपल्या वेबसाइटवर द्यावे लागतात. तुमचं घर त्या नकाशात रंगवलेलं असेल आणि प्रत्यक्षात सिग्नल नसेल, तर नकाशाचा स्क्रीनशॉट आणि तुमच्या मोजणीचा स्क्रीनशॉट दोन्ही तक्रारीला जोडा.